धारेतली खाच

हसू नका, पण मी पक्कड बोलतेय. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलांबरोबर खणात कोंबलेली. टोकाला दात, त्यांच्या मागे तार कापायची धार आणि दोन्ही पायांवर लाल रबर. माणसं मला हत्यार म्हणतात. माणसांची भाषा मोठी गमतीची आहे, काम करायचं तेही हत्यार आणि मारायचं तेही हत्यार. मी दोन्ही केलं आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

माझ्या धारेत एक खाच आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. कडा काळ्या, आतून वितळल्यासारखी. ती कशी पडली ते सांगते. त्यासाठी तुम्हाला एक फार गाजलेला गाण्याचा कार्यक्रमही आठवावा लागेल, तोच, जो जगभर टीव्हीवर दाखवला होता.

माझा जन्मच मारात झाला. लाल तापलेल्या पोलादावर घण पडला, मग दुसरा पडला, मग मला तेलात बुचकळलं तेव्हा मी किंचाळले होते. कारखान्यातला म्हातारा फोरमन म्हणायचा, "ठोकल्याशिवाय पोलादाला अक्कल येत नाही." पोलादाच्या बाबतीत त्याचं खरं असेल. हेच वाक्य मी पुढे एका घरात माणसांच्या बाबतीत ऐकलं, तेव्हा मला त्या फोरमनचा राग आला.

माझा पहिला धनी एक वायरमन होता. खांबावर चढायचा, मला कमरेच्या पट्ट्यात खोचायचा, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आधी मला पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. माझ्या धारेचा त्याला अभिमान होता. वायरमन लोकांत एक चेष्टा चालते. कोणी घाईघाईत चालू लाईनवर पक्कड चालवली की ठिणगी उडते आणि धारेला खाच पडते. मग इतर जण ती पक्कड उजेडात धरून बघतात आणि म्हणतात, "काय राव, घाई झाली होती?" माझ्या धन्याच्या पकडीला एकवीस वर्षांत खाच नव्हती. ती पक्कड म्हणजे मी. मला भलताच ताठा होता.

या वायरमनला एक बहीण होती. तिचा नवरा गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचा. अपघात झालेल्या गाडीचे पोचे ठोकून काढायचे आणि पत्रा सरळ करायचा, म्हणून त्याला सगळे डेंटर म्हणायचे. हाताचा उस्ताद होता, खोटं कशाला बोलू. दिवसभर पोचे काढायचा आणि घरी येऊन पोचे पाडायचा. बायकोच्या दंडावर, दारावर, पातेल्यांवर. त्यांना एक मुलगी होती. मामानं तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं, कारण लहानपणी तिनं प्लगच्या भोकात सुई घातली होती आणि रडायच्या ऐवजी हसली होती.

मी त्या घरात गेले ती टीव्हीमुळे. एका रविवारी डेंटरला हवा तो चॅनल लागेना, म्हणून त्यानं टीव्हीला बुक्की हाणली. चॅनल फिरवायचं गोल बटण फुटून पडलं आणि मागे बोटाएवढी लोखंडी दांडी उरली. तिला हात लावला की कधीकधी झटका बसायचा. मामा आला, त्यानं दांडी बघितली, आणि मला पट्ट्यातून काढून बहिणीच्या हातात दिलं.

"हिनं फिरवत जा," तो म्हणाला. "उघडं बोट लावू नकोस. रबर शाबूत तर तू शाबूत."

"आणि तुला काय?"

"मला दुसरी मिळेल. तू काळजी घे."

तो टीव्हीबद्दल बोलत नव्हता हे तिलाही कळलं आणि मलाही.

तेव्हापासून माझी जागा टीव्हीच्या डोक्यावर, विणलेल्या रुमालावर. गंमत बघा, ज्याच्या हातात पक्कड त्याच्या हातात टीव्ही. मी बहुतेक वेळा डेंटरच्या हातात असायचे.

त्याच भेटीत मामानं आणखी एक गोष्ट बघितली. घरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून डेंटरनं त्यात फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून घातली होती. मामा हादरला. "भावोजी, फ्यूज उडण्यासाठीच असतो. तुमचा उडला नाही तर खालचा मेन उडेल. अख्ख्या इमारतीची लाईट जाईल."

"जाऊ दे की," डेंटर म्हणाला. "माझी तर राहील."

"तुमची पण जाईल ना."

"मेहुणे, तुमचं शहाणपण खांबावर ठेवून येत जा."

मामा गप्प बसला. त्या घरात सगळेच गप्प बसायचे. ठिणगीच्या आईचं तर विचारू नका. मी मनात म्हणायचे, या बाईच्या आतही कोणीतरी जाड तार घालून ठेवली आहे. काही केल्या उडत नाही.

डेंटरची एक पद्धत होती. मारायच्या आधी तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. ते बटण शाबूत होतं. बातम्या असोत, जाहिरात असो, आवाज पार टोकाला न्यायचा, मग बाही वर करायचा. मी वरून सगळं बघायचे. आवाजानं टीव्ही थरथरायचा, त्याच्याबरोबर मीही थरथरायचे, आणि रुमालावरून हळूहळू कडेला सरकायचे. मार संपला की तो आवाज कमी करायचा आणि म्हणायचा, "सगळं जागेवर ठेव." मग आई सांडलेलं पुसायची, पडलेलं उचलायची, आणि मला पुन्हा रुमालाच्या मधोमध ठेवायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण तिला म्हणायची, "काल टीव्ही फार मोठा होता हो तुमचा." समोरचे मास्तर म्हणायचे, "जरा हळू ठेवत जा." कोणालाच काही ऐकू आलेलं नसायचं. सगळ्यांनी कानावर हात ठेवलेले असायचे, आणि टीव्ही त्यांच्या कामी यायचा.

मग तो कार्यक्रम आला. दूरच्या एका देशात दुष्काळ पडला होता, मुलं मरत होती, आणि त्यांच्यासाठी जगातले मोठमोठे गाणारे एका मैदानात जमून दिवसभर फुकट गाणार होते. ठिणगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला त्यातला एकच बँड बघायचा होता. त्यांचं एक गाणं ती रेडिओवर ऐकायची आणि दर वेळी अर्ध्यात कोणीतरी रेडिओ बंद करायचं. महिनाभर ती कॅलेंडरवरची ती तारीख बोटानं चाचपत होती.

त्या दिवशी दुपारपासून अख्खी इमारत टीव्हीसमोर होती. प्रत्येक खिडकीतून तेच गाणं येत होतं. तुम्ही जिन्यातून वर चढला असता तर एका ओळीचा एक शब्द खालच्या मजल्यावर आणि पुढचा शब्द वरच्या मजल्यावर ऐकला असता. डेंटर कामावर होता. आई आणि ठिणगी दोघीच घरात होत्या, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच कोणाला पाय पसरून बसलेलं बघितलं.

गाण्यांच्या मध्ये त्या मुलांची चित्रं दाखवत होते. एका मुलाच्या डोळ्यावर माशी बसली होती आणि तिला हाकलायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. खाली एक फोन नंबर दिसत होता, मदत करायची असेल तर इथं फोन करा. आई तो नंबर ओठातल्या ओठात वाचत राहिली. आमच्या घरात फोन नव्हता. मग ती रडायला लागली. मी तिचा दात पडलेला बघितला होता, दंड सुजलेला बघितला होता, पण तिला रडताना कधीच बघितलं नव्हतं. ठिणगीनं तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

तेवढ्यात डेंटर लवकर आला. दुसऱ्या चॅनलवर मुष्टियुद्धाची मोठी लढत होती, तिच्यासाठी. त्यानं दारातूनच बायकोचे डोळे बघितले.

"कोण मेलं?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "ही मुलं."

"कोणाची मुलं?"

"कोणाची तरी."

त्याला ते लागलं. इतकी वर्षं ठोकून त्याला तिच्या डोळ्यांतून जे काढता आलं नव्हतं ते एका परक्या पोरानं टीव्हीतून काढलं होतं. त्यानं मला उचललं, खटकन चॅनल फिरवला, मला टीव्हीवर आपटलं आणि हात धुवायला गेला. पडद्यावर दोन माणसं एकमेकांची तोंडं फोडत होती.

पण भिंतीपलीकडून, वरून, खालून कार्यक्रम चालूच होता. आणि नेमकं तेव्हाच निवेदकानं त्या बँडचं नाव घेतलं. मैदानातले हजारो लोक ओरडले. ठिणगी उठली. तिनं मला धरलं आणि चॅनल परत फिरवला. गाणं सुरू झालं होतं.

डेंटर हात पुसत बाहेर आला.

"एकच गाणं, बाबा," ती म्हणाली. "हे एकच. मग तुमचं लावते."

तो टीव्हीजवळ गेला आणि आवाज पार टोकाला नेला. त्या दिवशी त्याची गरजही नव्हती, सगळी इमारतच गर्जत होती. मला कळलं. आईलाही कळलं, ती उठून मध्ये आली. त्यानं तिला एका हातानं असं ढकललं की ती कपाटावर आपटली आणि कपाटाची काच तिच्या खांद्यावर फुटली. मग त्यानं मुलीच्या हातातून मला हिसकावलं आणि तिचं मनगट धरलं.

"याच हातानं फिरवलंस ना?"

आता जे सांगायचं आहे ते मला सांगवत नाही. पण टाळलं तर मी कसली साक्षीदार. त्यानं तिची करंगळी माझ्या दातांत धरली आणि माझे पाय दाबले. मला थांबता येत नाही. माणसाच्या हातात पक्कड आली की दात मिटतात, तेवढंच मला येतं. मी तारा धरल्या होत्या, खिळे उपटले होते. माणसाचं हाड खिळ्यापेक्षा फार लवकर हार मानतं. ते मोडलं तेव्हाचा आवाज मला दातांतून कळला, कोणाच्याच कानांना कळला नाही. ती किंचाळली, आणि तिची किंचाळी मैदानातल्या त्या हजारो ओरडण्यांत मिसळून गेली. पडद्यावरचा गाणारा हात वर करून लोकांना म्हणत होता, आणखी जोरात.

डेंटरनं मला सोडवलं. दातांवर रक्त होतं. त्यानं मला आईच्या हातात दिलं, अगदी रोजच्यासारखं, आणि म्हणाला, "जागेवर ठेव." आणि खुर्चीत बसला.

आई मला घेऊन उभी राहिली. तिच्या तळव्याला घाम होता, पण रबरावरची पकड घट्ट होती. ती टीव्हीकडे गेली. त्याला वाटलं, रुमालावर ठेवायला चालली आहे. ती टीव्हीच्या मागे गेली, खाली वाकली, भिंतीतून येणारी वायर माझ्या धारेत धरली आणि दोन्ही हातांनी दाबली.

धडाका झाला. निळा-पांढरा उजेड माझ्या तोंडातून गेला. त्या एका क्षणात माझी इतक्या वर्षांची धार वितळली, आणि मला तिचं काडीचं दुःख झालं नाही. रबर शाबूत होतं. आई शाबूत होती. टीव्ही बंद पडला.

आणि फक्त आमचाच नाही. जाड तारेचा फ्यूज उडालाच नाही, मामानं सांगितलं होतं तसा खालचा मेन उडाला. सगळ्या मजल्यांवरचं गाणं एकाच शब्दावर तुटलं. इतकी शांतता त्या इमारतीनं कधी ऐकली नसेल. कुठेतरी नळ ठिबकत होता, तोसुद्धा ऐकू येत होता. आणि त्या शांततेत, उघड्या खिडक्यांमधून, अख्ख्या इमारतीनं माझी ठिणगी रडताना ऐकली.

डेंटरला हे कळायला दोन क्षण उशीर झाला. सवयीचा माणूस. तो उठला आणि त्यानं आईच्या तोंडात मारली, तीही ऐकू गेली. "टीव्ही जाळलास, तुला जिवंत ठेवत नाही," हेही शब्दन् शब्द ऐकू गेलं. मग त्यानं मान वर केली, आणि बंद टीव्हीकडे असा बघत राहिला, जणू त्यानंच दगा दिला आहे.

जिन्यात दारं उघडायला लागली. आता मी खरं तेच सांगते, लोक आमच्यासाठी आले नव्हते. "कोणी घालवली लाईट? ऐन रंगात आलं होतं," असं म्हणत मास्तर बाहेर आले होते. शिंपीण कात्री हातातच घेऊन वर आली होती. दार उघडंच होतं. दारातून त्यांना फुटलेली काच दिसली, आईच्या खांद्यावरचं रक्त दिसलं, आणि ठिणगीचं ते बोट दिसलं. मास्तरांचे डोळे अजून त्या टीव्हीतल्या मुलांसाठी ओले होते. ते तसेच ठिणगीकडे वळले.

"काय तमाशा आहे का," डेंटर म्हणाला आणि त्यानं मास्तरांना ठोसा मारला. चष्मा फुटला. मग काय, मागून चौघे आत घुसले. त्यांनी डेंटरला जमिनीवर पाडलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. इतकी वर्षं कानांवर ठेवलेले हात आता मोकळे झाले होते. त्यातल्या काही लाथा ठिणगीसाठी होत्या, काही स्वतःच्या लाजेपायी होत्या, आणि एक-दोन नक्कीच बुडालेल्या कार्यक्रमासाठी होत्या. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी कोणी थांबेना.

आईच थांबवायला पुढे झाली. तिचा ओठ फाटला होता. "मारू नका त्याला," ती म्हणाली. "फक्त दार मोकळं करा."

लोक बाजूला झाले. तिनं मुलीच्या हाताला फडकं गुंडाळलं, मला पिशवीत टाकलं, आणि दोघी जिना उतरल्या. बाहेर अजून ऊन होतं. रस्त्यापलीकडच्या घरांतून तो कार्यक्रम चालूच होता, पण ते गाणं संपून दुसरं लागलं होतं.

मामानं दार उघडलं. आधी भाचीला दवाखान्यात नेलं, मग परत आल्यावर मला उजेडात धरलं. खाच बघितली. मला वाटलं, आता चेष्टा होणार.

"चालू लाईनवर चालवलीस?"

"हो."

"रबर शाबूत होतं?"

"होतं."

"मग ठीक," तो म्हणाला आणि मला पुसायला बसला.  नंतर कधीतरी तिनं त्याला सांगितलं, की तिला शूरपणा वगैरे काही करायचा नव्हता. तिला फक्त तो आवाज बंद करायचा होता.

डेंटरचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. मामा गेला. ठिणगीचे केस पांढरे होत आले. ती मामाचंच काम करते, वायरिंगचं, आणि तिच्या हाताखाली दोघीजणी काम शिकतात. करंगळी वाकडीच जुळली, थंडीत ठणकते. नवीन मुली मला उजेडात धरतात आणि विचारतात, "मॅडम, ही खाच? घाई झाली होती?" ती म्हणते, "नाही गं, उशीरच झाला होता."

आई तिच्याजवळ राहते, थकली आहे. त्या घरात टीव्हीचा आवाज कधीच मोठा नसतो. पाहुणे म्हणतात, ऐकू येत नाही, जरा वाढवा. आई वाढवत नाही.

आज त्या कार्यक्रमाचा कसलासा वाढदिवस आहे म्हणून तो पुन्हा दाखवत आहेत. भर दुपार आहे. ठिणगी टेबलावर इस्त्री उघडून बसली आहे, मी शेजारी आहे. मघाशी ते गाणं लागलं.  गाणं त्या शब्दापाशी आलं तेव्हा आई म्हणाली, "इथं." आणि गाणं पुढे गेलं. आम्ही तिघींनी उरलेलं गाणं पहिल्यांदा ऐकलं. एक कडवं, आणि मग तीच ओळ चार वेळा.

"एवढंच होतं होय," आई म्हणाली. ठिणगी खूप हसली, मग तिनं वाकड्या करंगळीनं डोळे पुसले.

वरच्या मजल्यावरही तोच कार्यक्रम चालू आहे. फार मोठ्यानं. वर नवीन बिऱ्हाड आलं आहे, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. आत्ताच तो आवाज आणखी वाढला, पार टोकाला. आईनं रिमोट उचलला आणि आमचा टीव्ही मुका केला. ती छताकडे बघते आहे. काहीतरी जड पडलं. मग काहीतरी घसटत गेलं.

"ऐकलंस?" आईनं विचारलं.

"ऐकलं."

"आधी दार वाजव."

"वाजवते. नाही उघडलं तर खाली मेन आहेच. त्याच्या पेटीला सीलची तार आहे फक्त, ती कापली की सगळे टीव्ही बंद."

तिनं मला उचललं. माझं रबर दोनदा बदललं आहे, तिचा हात मात्र तोच आहे. आम्ही जिना चढतो आहोत, त्यामुळे मला आता थांबायला हवं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचा टीव्ही दिवसातून एकदा, मिनिटभर, बंद करून बघा, आणि त्या मिनिटात जे ऐकू येईल त्याला टीव्ही म्हणू नका.

माझी काळजी नको. धारेत एकच खाच पडली आहे. बाकी धार अजून शिल्लक आहे.